फोटो विकायचा नाही, कराराने द्यायचा

देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात आंब्याची कलमं कराराने देतात हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण माहिती असतं. व्यापारी येतो, मोहोर बघतो, एका सीझनचे नाहीतर तीन वर्षांचे पैसे ठरतात, फळ त्याचं, झाडं आपली, मुदत संपली की बाग परत आपल्या ताब्यात. पैसे दिले म्हणून झाडं माझी झाली असं कुठला व्यापारी म्हणत नाही, आणि आंबेच तर आहेत, न्या फुकट, असं कुठला बागायतदार म्हणत नाही. फोटोच्या बाबतीत मात्र आपली पोरं या दोन्ही गोष्टी करून बसतात. एकतर "क्रेडिट देतो" एवढ्यावर फाईल देऊन टाकतात, नाहीतर दोन हजार घेऊन ती कायमचीच देतात आणि कायमची दिली हे त्यांना कळत पण नाही. धंद्यासाठी कोणाला फोटो वापरायला देणं म्हणजे लायसन्स देणं, आणि लायसन्स म्हणजे कराराने दिलेली बाग. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून हे आधी.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. सुरुवातीला, म्हणजे हातात पहिला चांगला कॅमेरा आला तेव्हा, भोगव्याकडे पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाचा एक फोटो मिळाला होता, दोरीला पंचवीस-तीस माणसं, पुढे एक म्हातारे रापणकार, चेहऱ्यावर तिरकं ऊन. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने मागितला, रिसेप्शनमध्ये फ्रेम करून लावतो म्हणाला, मी खूश होऊन मोठी फाईल जशीच्या तशी दिली. कागद नाही, मेसेज नाही, काहीच नाही. पुढच्या सीझनला तो फोटो हायवेच्या होर्डिंगवर, मग त्यांच्या बुकिंगच्या पानावर, मग मुंबईच्या कुठल्यातरी ट्रॅव्हलवाल्याच्या ब्रोशरमध्ये, ज्याला तो रिसॉर्टवाल्यानेच पुढे दिला होता. मी विचारायला गेलो तर म्हणाला, "अरे तूच दिलंस मा? फोटोच तर आसा." आणि खरं सांगायचं तर मला बोलायला जागाच नव्हती. पण त्याहून जास्त लागलं ते त्या म्हाताऱ्या काकांचं. त्यांनी होर्डिंग बघितलं होतं. एक दिवस बंदरावर भेटले आणि सरळ विचारलं, "माज्या तोंडाचे किती गावले तुका?" ते रागावले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तो प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे आणि त्यामुळेच मी हे सगळं कायदा वाचून, वकिलाकडे बसून शिकलो.

फोटो मुळात तुमचा आहे का

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात फोटो ही कलाकृती धरलेली आहे आणि तिचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा माणूस. बटण दाबलंत की हक्क तयार झाला, नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वॉटरमार्क टाकायलाच पाहिजे असं पण नाही, मोबाईलवर काढलाय की डीएसएलआरवर याने फरक पडत नाही. मुदत पूर्वी फोटोला कमी होती, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती बाकीच्या कलाकृतींसारखी झाली, म्हणजे तुमची हयात आणि वर ६० वर्षं. कलमाचं झाड टिकतं तसं हे पुढच्या पिढ्यांना टिकतं, म्हणून फुकट देताना जरा थांबा. नोंदणी करायची असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसकडे ऑनलाईन होते, एका कलाकृतीला ५०० रुपये फी, आणि कोर्टात गेलात तर ते सर्टिफिकेट प्राथमिक पुरावा म्हणून चालतं. सगळ्या फोटोंची करू नका, परवडणार नाही, जे चार-पाच फोटो सारखे मागितले जातात आणि सारखे चोरीला जातात त्यांची करा.

आता यातली खरी मेख, जी आपल्यातल्या नव्वद टक्के नाही तरी बहुतेक लग्नवाल्यांना माहिती नसते. सेक्शन १७. कोणी पैसे देऊन, त्याच्या सांगण्यावरून तुमच्याकडून फोटो काढून घेतला, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तुम्ही नाही, तो पैसे देणारा. म्हणजे लग्न, बारसं, हॉटेलच्या खोल्यांचं शूट, कॅनिंगवाल्याच्या आमरसाच्या डब्यांचं शूट, हे सगळं यात येतं. पगारावर नोकरीला असाल आणि कामाचा भाग म्हणून काढला असेल तर मालक कंपनी. मी एकदा एका लग्नातला नवरीच्या नथीचा क्लोजअप एका दागिन्यांच्या दुकानाला जाहिरातीला दिला होता, मला वाटलं फोटो माझाच, चेहरा पण अर्धाच दिसतोय. नवरीच्या भावाने फोन केला. तो बरोबर होता, मी चूक होतो, माफी मागून जाहिरात काढायला लावली आणि दुकानाचे पैसे परत केले.

यावर उपाय एका ओळीचा आहे. कोटेशनमध्येच लिहा की या शूटमधल्या फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील आणि ग्राहकाला अमुक अमुक कामासाठी ते वापरता येतील, आणि ग्राहकाची सही घ्या, शूटच्या आधी. हॉटेल, फॅक्टरी, होमस्टे यांच्या कामात मी हे घालतोच. लग्नाच्या कामात मात्र घालत नाही, माझं मत असं की लोकांच्या घरच्या कार्याचे फोटो त्यांचेच असू द्यावेत, पोर्टफोलिओला दोन-चार लागले तर विचारून घ्यावेत.

कागदावर काय काय यायला पाहिजे

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. असाइनमेंट म्हणजे खरेदीखत, हक्कच समोरच्याच्या नावावर. लायसन्स म्हणजे करार, वापरायची परवानगी. कायद्याने दोन्ही लेखी लागतं. कागदात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत धरतात, म्हणजे तुम्ही तोंडातल्या तोंडात "ह्या सीझनपुरता" म्हणालात आणि कागदावर नाही लिहिलंत तर ते हवेत गेलं. असाइनमेंटमध्ये समोरच्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो, पण कागदात उलट लिहिलं असेल तर नाही येत, आणि मोठ्या एजन्सीच्या छापील फॉर्मात ते उलट हमखास लिहिलेलं असतं. म्हणून मुंबई-पुण्याच्या एजन्सीकडून फॉर्म आला की आधी चार शब्द शोधा: ऑल राइट्स, परपेच्युअल, वर्ल्डवाईड, इररिव्होकेबल. म्हणजे सगळे हक्क, कायमचे, जगभर, आणि परत घेता येणार नाहीत असे. त्या चार शब्दांचं खरेदीखत होतं. देऊ नका असं मी म्हणत नाही, पण मग पैसे खरेदीखताचे मागा, एका सीझनच्या कराराचे नको.

लायसन्समध्ये सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे वापर कुठे. "जाहिरातीसाठी" असं कधी लिहू नका, त्यात होर्डिंग पण येतं, टीव्ही पण येतो, उद्या अजून काही निघालं तर ते पण येईल. लिहायचं असं: स्वतःच्या वेबसाईटवर आणि स्वतःच्या इन्स्टाग्राम, फेसबुक पानावर. किंवा: आंब्याच्या पेटीच्या लेबलवर, कमाल ५,००० पेट्या. किंवा: कुडाळ-कणकवली दरम्यान एक होर्डिंग, अमुक साईझ, ३ महिने. जितकं बारीक लिहाल तितकं पुढचं भांडण कमी, आणि बारीक लिहिलं की समोरच्याला पण वाटतं की हा माणूस कामाचा आहे.

दुसरं एक्स्क्लुझिव्ह. म्हणजे तेवढ्या काळात तो फोटो दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. लोक हे सहज बोलून जातात, "फक्त आमाकाच दी हां", आणि आपण पण हो म्हणतो. एक्स्क्लुझिव्ह दिलात म्हणजे तुमची बाकीची सगळी गिऱ्हाईकं तेवढा काळ बंद, त्याचे पैसे वेगळे धरा. निम्म्या वेळा त्याला सगळीकडे एक्स्क्लुझिव्ह नकोच असतं, फक्त शेजारच्या हॉटेलवाल्याकडे तो फोटो नको असतो. मग तसंच लिहा, मालवण तालुक्यातल्या दुसऱ्या हॉटेलला हा फोटो या वर्षात देणार नाही. दोघांचं काम होतं.

आंब्याच्या बाबतीत मी एक अट नेहमी घालतो आणि ती तुम्ही पण घाला असं मला मनापासून वाटतं. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे, रायगड या जिल्ह्यांसाठी. माझ्या बागेतल्या फोटोचं लेबल लावून बाहेरच्या राज्यातला आंबा हापूस म्हणून वाशीत विकला गेला तर माझ्याच शेजाऱ्यांच्या पोटावर पाय. म्हणून माझ्या कागदात ओळ असते की हा फोटो फक्त या पाच जिल्ह्यांत पिकलेल्या हापूसच्या पॅकिंगवर वापरायचा. एकाने यावरून काम काढून घेतलं माझ्याकडून. गेलं तर गेलं.

माझा साधा मसुदा देतो, छोट्या कामांना हा पुरतो, मोठी रक्कम असेल तर वकिलाला दाखवा.

"फोटो वापराचं लायसन्स. तारीख ….
देणार: …, राहणार …. घेणार: …, पत्ता …, पॅन किंवा जीएसटी नंबर ….
फोटो: फाईल नंबर …, छोटी प्रत सोबत जोडली आहे.
या फोटोचा कॉपीराइट देणाऱ्याकडे आहे आणि देणाऱ्याकडेच राहील. घेणाऱ्याला तो फक्त पुढील कामासाठी वापरता येईल: …. प्रदेश: …. मुदत: … पासून … पर्यंत.
हे लायसन्स एक्स्क्लुझिव्ह नाही. घेणाऱ्याने फोटो दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला वापरायला देऊ नये, एआय मॉडेल शिकवायला वापरू नये, आणि कापणं किंवा उजेड-रंग थोडे बदलणं यापलीकडे बदल करायचा असल्यास आधी विचारावं.
जिथे जागा असेल तिथे फोटोखाली … असं नाव द्यावं.
रक्कम … रुपये. पूर्ण रक्कम जमा झाल्यावर लायसन्स सुरू होईल.
मुदत संपल्यावर फोटो वेबसाईटवरून आणि सोशल मीडियावरून काढावा. छापून झालेला माल संपेपर्यंत वापरता येईल, नवीन छपाई करू नये.
दोघांच्या सह्या."

"पैसे जमा झाल्यावर लायसन्स सुरू" ही ओळ काढू देऊ नका. गणपतीच्या आधी फोटो घेतात आणि पैशाला शिमगा उजाडतो हे आपल्याकडे सगळ्यांनी भोगलंय. ही ओळ असेल तर पैसे न देता केलेला वापर हा सरळ विनापरवाना वापर होतो, मग बोलायची भाषाच बदलते.

आणि नाव देणं. सेक्शन ५७ प्रमाणे कर्ता म्हणून ओळख मिळण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो, हक्क विकलात तरी, आणि फोटोची मोडतोड करून तुमची बदनामी होईल असं काही केलं तर त्यावर पण बोलता येतं. पण नाव म्हणजे पैसे नाहीत. "क्रेडिट देतो ना" याला माझं उत्तर ठरलेलं आहे, क्रेडिट तर द्यायचंच आहे दादा, आता पैशाचं बोलूया.

किती मागायचे

ठरलेला बाजारभाव नाही आणि जो कोणी एक आकडा सांगेल त्याचं ऐकू नका. फोटो काढायला किती कष्ट पडले यावर पण जाऊ नका, समोरच्याला त्याचं काही नसतं. त्याचा वापर किती मोठा आहे त्यावर जा. म्हणून आकडा बोलायच्या आधी विचारायचं: कशावर, किती नग, कुठे, किती दिवस. मी गावातल्या होमस्टेला एका वर्षाच्या वेबसाईट-सोशल मीडिया वापराला एका फोटोचे दीड-दोन हजार घेतो. तोच फोटो पाच हजार पेट्यांवर छापायचा असेल तर पाच-सहा हजारांच्या खाली जात नाही, आणि मुंबईच्या एखाद्या कंपनीच्या कॅलेंडरला किंवा होर्डिंगला त्याच्या कितीतरी वर. हे माझे आकडे, तुमच्या फोटोला आणि तुमच्या गिऱ्हाईकाला बघून तुमचे वेगळे असणार. एकच म्हणेन, ओळखीत सूट द्यायची तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सूट म्हणून वजा दाखवा, म्हणजे पुढच्या वर्षी तो सूट दिलेल्या आकड्यालाच मूळ भाव धरणार नाही.

टॅक्सचं थोडक्यात: कंपनी रॉयल्टीवर किंवा फीवर साधारण १० टक्के टीडीएस कापते, पॅन दिला नाहीत तर जास्त कापते, कापलेलं इन्कम टॅक्सच्या साईटवर तुमच्या नावावर दिसतंय का बघायचं. जीएसटीची नोंदणी सेवेच्या धंद्याला आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे. बाकी तुमच्या सीएला विचारा.

माणसं, किल्ले, ड्रोन

कॉपीराइट तुमचा असला तरी फोटोतल्या माणसाचा चेहरा तुमचा नाही. वर्तमानपत्रात रापणीवर लेख आला आणि त्यात काकांचा फोटो छापला तर तो बातमीचा वापर, त्याला सहसा सही लागत नाही. पण तोच फोटो बँकेच्या कर्जाच्या जाहिरातीत गेला तर बघणाऱ्याला वाटणार काकांनी त्या बँकेचं कर्ज घेतलंय. म्हणून कमर्शियल वापराला ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाचं मॉडेल रिलीज पाहिजे, म्हणजे त्या माणसाने सही करून दिलेली परवानगी. माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत छापील मराठी फॉर्मांचा गठ्ठा असतो. नाव, गाव, फोन, फोटो जाहिरातीत वापरला जाऊ शकतो हे स्पष्ट वाक्य, मोबदला किती, सही नाहीतर अंगठा, तारीख, एक साक्षीदार, मुलं असतील तर आईबापाची सही. परदेशी साईटसाठी इंग्रजी फॉर्म वेगळा लागतो, तो पण भरून घेतो, पण आधी मराठीत वाचून दाखवतो, मालवणीत समजावतो, आणि समोरचा नको म्हणाला तर तो फोटो कमर्शियलच्या फोल्डरमध्ये जातच नाही. आणि मोबदला देतो. फोटो गेला की आलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा त्या माणसाला, मग ती मासळी विकणारी मावशी असो की दशावतारातला राजा. कायद्यात असा हिस्सा कुठे लिहिलेला नाही, पण त्या काकांच्या प्रश्नानंतर मला दुसरं जमत नाही. दशावताराचं अजून एक, मंडळी रात्रभर नाटक करून दमलेली असतात, पहाटे रंग पुसताना फॉर्म पुढे करू नका, आधी कंपनीच्या मालकाशी बोलून ठेवा, रंगवलेला चेहरा असला तरी गावात सगळे ओळखतात.

जागांचं असं. रस्त्यावरून दिसणारी इमारत, चौकातला कायमचा पुतळा, यांचा फोटो काढून छापायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. भिंतीवर रंगवलेलं चित्र त्यात येत नाही, ते चित्रकाराचं, फोटोत तेच मुख्य असेल तर त्याला विचारा. होमस्टेच्या आतला भाग, कोणाचं माजघर, खाजगी बाग, देवळाचा गाभारा, इथे मालकाची किंवा देवस्थानची लेखी परवानगी घ्या. होड्यांवर नाव, नंबर, इंजिनवर कंपनीचा लोगो असतो, स्टॉकला, म्हणजे फोटो विकणाऱ्या साईटना, कमर्शियल म्हणून द्यायचा असेल तर ते सगळं पुसावं लागतं, मी उन्हाकडे बघून अँगल निवडतो तसा आता लोगो बघून पण निवडतो.

किल्ल्यांना सध्या मागणी खूप आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत, तेव्हापासून मला ट्रॅव्हलवाल्यांचे, मासिकवाल्यांचे फोन वाढलेत. पण पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यात हातातल्या कॅमेऱ्याने फिरत फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड, लाईट, मॉडेल घेऊन जाहिरातीचं शूट करणं वेगळं, त्याला आधी परवानगी काढावी लागते. ती काढायला वेळ जातो, गिऱ्हाईकाला तारीख देताना हे धरून चाला. वेळासला कासवांच्या पिल्लांचे फोटो काढायला जाल तर फ्लॅश नाही, पिल्लांच्या वाटेत उभं राहायचं नाही, वनखात्याची आणि गावातली माणसं सांगतील ते ऐकायचं, हे लायसन्सच्या आधीचं.

ड्रोनवाल्यांसाठी. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, २ किलोपर्यंतच्या मायक्रोला पण लागत नाही, पण ते फक्त हौसेने उडवत असाल तर. फोटो विकायचाय म्हणजे कमर्शियल झालं, मग सर्टिफिकेट पाहिजे. बरेच जण इथे फसतात कारण उडवताना कोणी अडवत नाही, गिऱ्हाईक कंपनी मात्र कागद मागते आणि तिथे काम जातं. शिवाय डिजिटल स्काय या सरकारी साईटवरचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका, चिपी आणि रत्नागिरी विमानतळांच्या आसपास तर नाहीच.

स्टॉक साईट आणि इतर वाटा

शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, अलामी, अशा साईटवर फोटो चढवला की जगातलं कोणीही तिथून लायसन्स घेतं. तिथला शब्द रॉयल्टी-फ्री, त्याचा अर्थ फुकट नाही, एकदा पैसे भरले की ठरलेल्या अटींत पुन्हा पुन्हा वापरता येतो असा. अडोबी स्टॉक फोटोला ३३ टक्के देतं, शटरस्टॉकवर १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत आणि दर १ जानेवारीला सगळे परत खालच्या पायरीवर येतात. एका डाउनलोडचे हातात येतात ते बऱ्याचदा किरकोळ असतात, त्यामुळे दहा फोटो टाकून वाट बघू नका, शेकड्याने टाकावे लागतात. समुद्रावरचा सूर्यास्त टाकू नका, तो लाखोंनी आहे. रापण, सुकत घातलेली मासळी, काजूच्या बिया, कोकमाची सोलं वाळवणं, सड्यावरची पावसाळी फुलं, कातळशिल्पं, सावंतवाडीची लाकडी खेळणी, नारळी पौर्णिमेचा कोळीवाडा, यांचे नीट फोकस असलेले, नीट इंग्रजी कीवर्ड दिलेले फोटो कमी आहेत. रिलीज नसलेले माणसांचे फोटो एडिटोरियल, म्हणजे फक्त बातमी-लेखासाठी, म्हणून टाका, कॅप्शनमध्ये गाव आणि तारीख खरी लिहा. अमेरिकेतल्या साईट डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरायला लावतात, तो नीट भरा, भारताशी करार असल्यामुळे तिथल्या विक्रीवरचा टॅक्स ३० ऐवजी १५ टक्के होतो.

हॉटेलला एक्स्क्लुझिव्ह दिलेला फोटो चुकून स्टॉकवर गेला तर करार मोडला. म्हणून माझ्याकडे दोन वेगळी फोल्डर आहेत आणि एक्सेलमध्ये प्रत्येक फोटोपुढे कोणाला, कशाला, कधीपर्यंत. मुदत संपायच्या महिनाभर आधी मोबाईलवर रिमाइंडर लागतो, फोन करतो, निम्मे लोक पुढच्या वर्षाचे पैसे देतात. माझ्या वर्षाच्या कमाईत नवीन फोटोंपेक्षा या जुन्या करारांच्या नूतनीकरणाचा वाटा मोठा आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे अटी पाळून कोणालाही फुकट वापरता येईल असं खुलं लायसन्स, याबद्दल बरेच विचारतात. गावाची, किल्ल्याची माहिती जगभर जावी म्हणून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात, फोटो देणं चांगलंच आहे, मी पण दिलेत, पण तिथे कमर्शियल वापराला मोकळीक द्यावीच लागते आणि एकदा दिलेलं लायसन्स मागे घेता येत नाही. म्हणून तिथे कुठला द्यायचा हे विचार करून ठरवा, तुमचा हुकमी फोटो नको.

फाईल देताना आणि चोरी सापडली तर

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आत लिहिलेलं तुमचं नाव पण पुसलं जातं. पसंतीसाठी नेहमी छोटी, वॉटरमार्कची प्रत, मूळ फाईल पैसे आल्यावर ड्राईव्हच्या लिंकने नाहीतर डॉक्युमेंट म्हणून. आणि लागेल तेवढीच मोठी, वेबसाईटला देताय तर होर्डिंगच्या साईझची फाईल कशाला. लाईटरूम किंवा तशा सॉफ्टवेअरमध्ये आयपीटीसी नावाची जागा असते, तिथे तुमचं नाव, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्ससाठी तुमच्या पानाचा पत्ता एकदा भरून ठेवा, सगळ्या फाईलना आपोआप लागतो. २०२० पासून गूगलच्या इमेज सर्चमध्ये अशा फोटोंवर लायसन्स मिळू शकतं अशी खूण दिसते. मला त्यातून आलेलं पहिलं गिऱ्हाईक हैदराबादचं होतं, देवगडच्या पवनचक्क्यांचा फोटो पाहिजे होता त्यांना.

महिन्यातून एकदा तुमचे चालणारे फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा. कुठे सापडला तर आधी काही बोलू नका, पानाचा स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, छापील असेल तर त्या वस्तूचा फोटो आणि घेतल्याची पावती, हे सगळं जमा करा. बोललात की ते काढून टाकतात आणि पुरावा जातो. मग मेल करा, शांतपणे: हा फोटो माझा, मूळ फाईल माझ्याकडे आहे, लायसन्स घेतलेलं नाही, या वापराचं बिल सोबत जोडलंय, पंधरा दिवसांत भरा आणि पुढे ठेवायचा असेल तर लायसन्स घ्या. लहान धंदेवाल्यांना खरंच माहिती नसतं, त्यातले बरेच नीट बोललं की भरतात आणि पुढे कायमचे गिऱ्हाईक होतात. दाद दिली नाही तर फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगल यांचे कॉपीराइट तक्रारीचे फॉर्म भरा, मग वकिलाची नोटीस. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सेक्शन ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, नोटिशीत तेवढा उल्लेख असला की समोरचा गंभीर होतो. नुकसानभरपाईचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, त्यामुळे "बघू पुढच्या सीझनला" करत बसू नका.

रिसॉर्टवाल्याचं शेवटी असं झालं. वर सांगितलेला मसुदा तयार झाल्यावर मी परत गेलो, जुन्याचं काही काढलं नाही, फक्त या वर्षापासून फोटो ठेवायचा असेल तर हा कागद आणि हे पैसे, नाहीतर होर्डिंग उतरवा, एवढंच सांगितलं. दोन दिवसांनी सही करून चेक पाठवला. त्यातला हिस्सा घेऊन मी काकांकडे गेलो, अंगणात जाळं विणत बसले होते, रिलीजचा फॉर्म वाचून दाखवला. त्यांनी नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि फॉर्मवर सही करायच्या आधी मुदतीची तारीख बोट ठेवून दोनदा विचारून घेतली.